माया किती?

प्रिय टाचणी,

गुरुवारी संध्याकाळी तुझ्या दुकानातली काजवाली मावशी तुझी चिठ्ठी घेऊन आली. सहा वर्षांत तू मला पाठवलेला हा पहिला कागद, म्हणून मी तो उलटा करून मागची बाजूही पाहिली. मागे काही नव्हतं. पुढे तीन शब्द: ताई, माया किती? आणि कोपऱ्यात टाचलेला तळहाताएवढा निळ्या कापडाचा तुकडा. टाचणीनं टाचणीच लावून पाठवली म्हणून मला आधी हसू आलं. मग मावशी पाणी पीत होती तेवढ्यात मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. रडले नाही, उगाच खूश होऊ नकोस. रागानं तोंड तापलं होतं.

तुझी चिठ्ठी परक्या कुणाच्या हाती पडली असती तर त्याला वाटलं असतं, काय गुणाची बहीण आहे, ताईचा आपल्यावर जीव किती ते विचारतेय. आपल्या धंद्याबाहेरच्यांना कुठे ठाऊक असतं, की शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड आपण दडवून ठेवतो त्याला माया म्हणतात. अंग सुटलं, कापड आटलं, माप चुकलं, तर उसवून सैल करायला ते असतं. बाहेरून दिसत नाही. कपडा घालणाऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो. बाबा म्हणायचे, गिऱ्हाईक शिलाई बघतं, शिंपी माया बघतो. तर तुला ताईचा जीव नको होता. निळ्या कापडाला किती बोटं सोडायची तेवढा आकडा हवा होता. त्यापुढे एक ‘कशी आहेस’ लिहिलं असतंस तर काय शाई संपली असती?

आकडा कशाला हवाय तेही मला माहीत आहे. मोठ्या चौकात नवं हॉटेल होतंय, त्याच्या नोकरमाणसांचे एकशे ऐंशी कोट तू घेतलेस. कापडाच्या चळती लावून एका दमात साठ कोट कापलेस. पाच शिवून झाले, वाफेच्या इस्त्रीखाली गेले आणि आटले. हॉटेलचा माणूस नमुना घालून आरशासमोर उभा राहिला तेव्हा बाही मनगटाच्या चार बोटं वर आणि पाठीवरची शिवण कडाकडा बोलत होती. तो म्हणे म्हणाला, बाई, हे आमच्या वेटरांसाठी आहेत की त्यांच्या पोरांसाठी? उद्घाटनाला अकरा दिवस राहिलेत, आणि त्या रंगाचं कापड पुन्हा मिळणार नाही, गिरणीनं ते काढायचंच बंद केलंय. हे सगळं तू मला कळवलं नाहीस. पण भिंतीला नुसते कान असतात, तुझ्या दुकानातल्या आठ मशिनींना तोंडंही आहेत.

टाचणी हे नाव तुला मीच ठेवलं. आई गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस. अंगानं काटकुळी, डोकं तेवढं मोठं, आणि जिथे ठेवावं तिथे टोचणार. शाळेतून आलीस की बेतायच्या टेबलाखाली बसून चिंध्यांचे फ्रॉक करायचीस आणि माझ्या घोट्याला टाचण्या टोचायचीस. मी ओरडले की बाबा मलाच रागवायचे, लहान आहे ती म्हणून. तू काही फार दिवस लहान राहिली नाहीस, पण ते वाक्य मात्र मला पाठ झालं. पुढे बाबा नसतानाही मी ते स्वतःला म्हणत राहिले, लहान आहे ती. तीस वर्षांची होईपर्यंत तू लहान होतीस. कानामागून आली आणि तिखट झाली असं लोक म्हणायचे, तेव्हाही मी हसण्यावारी न्यायचे.

बाबांचा नियम तुला आठवत असेलच, कारण तो तू अजून पाळतेस. एका दुकानात एकच कात्री. शिवायला आठ हात चालतील, कापायला एकच. शिवण चुकली तर उसवता येते, कापलेलं कापड काही पुन्हा अखंड होत नाही, म्हणून ते पाप एकाच्याच डोक्यावर असलं पाहिजे. मला बाविसावं लागलं त्या दिवशी त्यांनी मशिनी थांबवल्या, सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं आणि ती काळ्या मुठीची मोठी कात्री माझ्यापुढे धरली. टोक स्वतःकडे, मूठ माझ्याकडे. मी म्हटलं, बाबा, उलटी धरलीत. ते म्हणाले, द्यायची ती अशीच असते. मला वाटलं, समोरच्याला लागू नये म्हणून ही रीतभात. देताना टोक कुणाच्या पोटाकडे असतं ते तेव्हा मी पाहिलंच नाही. पाहायला हवं होतं.

तुला मी शिकवलं ते मात्र जीव ओतून शिकवलं, हे तूही नाकारणार नाहीस. खडूला धार कशी काढायची, टेप अंगाला न आवळता माप कसं घ्यायचं, पोट सुटलेल्या माणसाला न दुखावता त्याच्या पोटाचं माप कसं विचारायचं. बाही बसते त्या मुंढ्याचा गोल तुझा माझ्यापेक्षा सुरेख यायचा. मी गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचे, बघा आमच्या धाकटीचा हात. आत कुठेतरी खुपायचंही, पण शिकवणाऱ्याला ते खुपतंच. तेवढं सोसावं लागतं.

मग मी जिन्यावरून पडले. उजवं मनगट मोडलं आणि सहा आठवडे प्लॅस्टर. लग्नांचे सूट टेबलावर पडले होते. दुसऱ्याच दिवशी मी बाबांसारख्या मशिनी थांबवल्या, सगळ्यांना बोलावलं आणि डाव्या हातानं कात्री तुझ्यापुढे धरली, मूठ तुझ्याकडे. मोठ्या तोऱ्यात म्हटलंही, आजपासून हिचा शब्द तो माझा शब्द. कापडवाला आणि दुकानाचा घरमालक तुझं ऐकणार नाहीत म्हणून एक कागदही करून दिला, की दुकानाचे सर्व निर्णय धाकटी बहीण घेईल. सही डाव्या हातानं केली, पहिलीतल्या पोरानं काढलेल्या सापासारखी. तारीख घातली ती त्या दिवसाची. आजपासून लिहिलं, कधीपर्यंत ते लिहायचं राहिलं. कोट शिवून खालची घडी दुमडायची विसरावी तसली चूक. माझ्यासारख्या शिंपिणीला ती शोभत नाही, पण झाली.

प्लॅस्टर निघालं त्या आठवड्यात ती बाई आली, नवऱ्याचा लांब कोट घेऊन. नवरा वारून वर्ष झालं होतं, मुलगा पहिल्या नोकरीवर रुजू होणार होता, आणि बापाचा कोट लेकाच्या मापाचा करून हवा होता. कोट आपल्या बाबांच्या हातचा, मी कॉलर उचलताच ओळखला. मी म्हटलं, हा मी कापते. तू म्हणालीस, ताई, हात अजून कच्चा आहे, राहू दे. तुझा शब्द तो माझा शब्द म्हणून बसले होते, बाजूला सरले. तू कोट उसवलास, कापड एकेरी पसरलंस, बाहीचा कागद ठेवून एक बाही कापलीस आणि कागद उलटा न करता तसाच ठेवून दुसरी. दोन्ही बाह्या डाव्या. शिकाऊ पोरीकडून पहिल्या महिन्यात होणारी चूक, आणि माझ्याहीकडून एकदा झालेली. चुकीचा मला राग नाही, टाचणी. हे नीट वाच. चुकीचा मला आजही राग नाही.

चार दिवसांनी ती बाई कोट न्यायला आली. तू तिच्यापुढे दोन्ही बाह्या ठेवल्यास आणि शांतपणे म्हणालीस, काय सांगू, ताईनं कापला, प्लॅस्टर निघाल्यापासून तिचा हात कापतो. काय वाक्य होतं! कापणं हा ज्या हाताचा धंदा, त्याला तू कापरं भरवलंस. मी पलीकडे चहाचा कप धरून उभी होते. सगळ्या मशिनी थांबल्या आणि सगळे डोळे माझ्या उजव्या हाताकडे वळले. आणि हात खरोखरच कापत होता. संतापानं कापत होता, कप बशीवर वाजत होता, चहा मनगटावर सांडत होता. आठ बायकांनी, त्या बाईनं आणि दारातल्या दोन गिऱ्हाइकांनी डोळ्यांनी पाहिलं, आता कुणाला काय सांगणार? मी तुझ्याकडे पाहिलं. तू मान खाली घालून चिंध्या वेचत होतीस. माझ्या तोंडातून शब्द निघाला तो एकच, माफ करा. लहान आहे ती, दुसरं काय.

पुढचं तुला माहीत नाही ते सांगते. दुसऱ्या दिवशी मी त्या बाईच्या घरी गेले. तिनं दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. मी पायरीवर बसूनच तो कोट तपासला. बाबांनी त्यात चार चार बोटं माया सोडली होती, खालच्या घडीत त्याहून जास्त. ती सगळी काढून, तुकडे जोडून मी उजवी बाही केली. तीन जोड आले, पण काखेकडून असे घेतले की मुलानं हात आभाळाला लावला तरच दिसावेत. हात तसूभरही कापला नाही. कोट दिला तेव्हाही मी तिला खरं सांगितलं नाही. तुझ्यासाठी एवढं करून मी परत आले, तर दुकानात माझं नवं नाव तयार होतं, दोन डाव्या. दुकानापलीकडचा चांभारही मला तेच म्हणू लागला. कुणी ठेवलं ते मी कधी विचारलं नाही, पण नावं ठेवण्यात आपलं घराणं हुशार आहे.

त्यानंतर कात्री माझ्याकडे परत आलीच नाही. मी मागितली की तू म्हणायचीस, ताई, आराम कर. खिडकीपाशी खुर्ची दिलीस आणि बटणांचा डबा. चौदा महिने मी बटणं लावली. ज्या टेबलापाशी मी तुला उभं राहायला शिकवलं त्याच्याकडे पाठ करून. तक्रार केली तेव्हा तू घरमालकापुढे आणि कापडवाल्यापुढे माझाच कागद ठेवलास, माझीच ती वाकडी सही. त्यांनी सही पाहिली, माझ्या हाताकडे पाहिलं आणि कीव केली. मी दिलं होतं ते तू घेतलंस, त्याला कुणी चोरी म्हणेना. पंधराव्या महिन्यात मी डब्याचं झाकण लावलं आणि निघून आले.

तेव्हापासून मी सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्यांत राहते. खाली दिवसभर घंट्या वाजतात, वर माझी मशीन. उसवलेलं शिवते, लांडं लांब करते. पहिली दोन वर्षं मी तुझं वाईट चिंतण्यात घालवली. अगदी मनापासून, सकाळी उठून, कामाला बसावं तशी. तुझ्या प्रत्येक कॉलरला सुई मोडावी. तुझ्या प्रत्येक सुटात गिऱ्हाइकानं वाकताच मागची शिवण फाटावी, आणि तीही भर मांडवात. लोक सांगतात राग धरू नये, आपल्यालाच जाळतो. मला तर त्यानं चांगली ऊब दिली.

तिसऱ्या वर्षी एका रविवारी काजवाली मावशी आली. मला वाटलं, भेटायला आली. ती पिशवीचे बंद पिळत म्हणाली, ताई, त्या दिवशी कोट धाकटीनं कापला ते मी बघितलं होतं, बोलले नाही, घरी तीन तोंडं होती. मी म्हटलं, मग आता काय हवंय? ती म्हणाली, कापायला शिकव. एकवीस वर्षं काजं करतेय, एकदाही कात्रीला हात लावू दिला नाही कुणी, तूसुद्धा नाही. मला ते झोंबलं. तूसुद्धा नाही. खरंच होतं ते. बाबांनी नाही, मी नाही, तू नाही. आपण तिघांनी मिळून त्या बाईला एकवीस वर्षं काजाएवढ्या भोकातून दुकान दाखवलं.

आता एक गोष्ट कबूल करते, ऐकून तुला बरं वाटेल, म्हणून सांगायचं जिवावर आलंय. मीही तुला सगळं दिलं नव्हतं. माया किती सोडायची हे तू मला नवीन कापड आलं की विचारायचीस, आणि मी चिमटीत कापड चोळून, डोळे मिटून, मोठ्या विद्वानासारखी म्हणायचे, ते हाताला कळतं. हाताला काहीही कळत नाही, टाचणी. तू यायच्या आधी सकाळी मी मोरीत बादली भरायचे. वीतभर चौकोन कापून, मोजून, भिजवायचे, वाळवायचे, वाफेची इस्त्री फिरवायचे आणि पुन्हा मोजायचे. जेवढं आटलं तेवढं जास्त सोडायचं. एवढंच गुपित. बाबांनी ते माझ्यापासून तीन वर्षं लपवलं, मी तुझ्यापासून कायमचं. का, तर तू कात्री घेतलीस तरी तुला माझी गरज राहावी. मूठ तुझ्याकडे केली खरी, पण कात्रीचा खिळा खिशात ठेवला. तू मला फसवलंस ते नंतर, तुला अपुरं देऊन मी आधीच बसले होते.

म्हणून मावशीला पहिल्याच रविवारी मी मोरीत नेलं. पहिला धडा बादली. दुसऱ्या रविवारी ती कॉलरवालीला घेऊन आली, महिन्याभरात तुझ्या आठही जणी माझ्या जिन्यावर चपला काढू लागल्या. तुझ्या दुकानात जिला मुकी म्हणतात ती तर इथे आली की तोंडाचा पट्टा बंद करत नाही, शेवटी सायकलवाला खालून ओरडतो. चार वर्षं झाली. सूट, कोट, फ्रॉक, सगळं कापतात. माझ्या पेटीत आता आठ कात्र्या आहेत, प्रत्येकीच्या मुठीला वेगळ्या रंगाची चिंधी. एका दुकानात एकच कात्री हा बाबांचा नियम मी मोडला, आणि आभाळ कोसळलं नाही. एवढं मात्र खोटं सांगणार नाही, हे मी पुण्य म्हणून सुरू केलं नव्हतं. तू कमरेला किल्ली लावून ती एक कात्री जपत होतीस आणि तुझ्या नाकाखाली आठ हात तयार होत होते, याची मला रोज रात्री गुदगुल्या झाल्यासारखी मजा वाटायची.

हे निळं कापड टेबलावर आलं तेव्हा मुकीनं तुला विचारलं होतं, आधी भिजवून बघू या का? नऊ वर्षांत त्या दुकानात तिनं उच्चारलेलं पहिलं आख्खं वाक्य. तू म्हणालीस, शिवायचं काम तुझं, कापायचं माझं. तिनं मान खाली घातली. त्याच दिवशी तू साठ कोट कापलेस. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे तर अंगण स्वतः येऊन सांगत होतं.

तर गुरुवारी तुझी चिठ्ठी आली, आणि तोंड धुऊन आल्यावर मी काय केलं ते ऐक. मी कागद घेतला आणि लिहिलं, अर्धं बोट. बस, एवढंच. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते दोन शब्दांत मावलं. उरलेल्या कापडाचीही तू वाट लावली असतीस, आणि मोठ्या चौकात सगळ्यांसमोर लावली असतीस. चिठ्ठी मावशीच्या हातात दिली. तिनं ती वाचली. मग निळा तुकडा खिडकीपाशी नेऊन दोन्ही बाजूंनी ओढून पाहिला आणि माझी चिठ्ठी टेबलावर परत ठेवली. म्हणाली, ताई, हे कापड अर्ध्या बोटावर राहील का? आणि शिवायचं आम्हाला आहे, उसवायचंही आम्हालाच. मी तिलाच डोळे दिले होते, तर त्या डोळ्यांना माझं खोटं दिसणारच. टाचणी, मला एवढी लाज तर त्या चहाच्या कपाच्या दिवशीही वाटली नव्हती. आणि खरं सांगू, एवढा अभिमानही कधी वाटला नव्हता. मी चिठ्ठी फाडली.

आज रविवार. आठही जणी इथे आहेत. सकाळी तुझा तुकडा बादलीतून काढला, वाळवला, इस्त्री केली, मोजला. आकडा निघाला. प्रत्येकीनं वेगळा मोजला आणि आठही आकडे एक आले. कापून ठेवलेले साठ कोट वाचवायची युक्तीही निघाली, बगलेखालून उभी आणि बाहीच्या टोकाला आडवी काळ्या कापडाची पट्टी घालून. ती युक्ती मुकीची आहे. दिसेल अशी ऐटदार की हॉटेलवाल्याला वाटेल मुद्दामच केलंय आणि उरलेल्या कोटांनाही तीच मागेल. अकरा दिवसांत होईल, पण एका कात्रीनं नाही. नऊ लागतील. तुझीही धरून नऊ, बघ, तुला वगळलं नाही.

पण आकडा मी या पत्रात लिहीत नाही. तो माझा नाही. तो त्यांनी काढलाय. तुला हवा असेल तर त्यांना विचारावा लागेल, आणि विचारताना कमरेची किल्ली काढून ती काळ्या मुठीची कात्री बाहेर काढावी लागेल. धरायची कशी ते तुला माहीत आहे, टोक स्वतःकडे. त्या हो म्हणतील की नाही, मला ठाऊक नाही. मी त्यांना काहीच सांगितलेलं नाही. इथे माझ्या दोन खोल्यांत टेबल टाकायला जागा आहे, आणि तुझ्या दुकानात एकशे ऐंशी कोट आहेत. सोडायचं की सावरायचं ते त्या ठरवतील. मी ठरवलं असतं तर तुला सोडलं नसतं, हे लक्षात ठेव. अधिकार देणं म्हणजे काय ते मला पन्नाशीत कळलं. दिला की मागे सरायचं, आपल्या सुडालासुद्धा मध्ये आणायचं नाही. फार जड जातंय.

शेवटी हे पत्र का लिहिलं ते. तुला उत्तर द्यायला लिहिलं असतं तर पाकीट चिकटवलं असतं. हे उघडंच आलंय, तुझ्या लक्षात आलं असेल. सोमवारी सकाळी नऊ वाजता, तू यायच्या अर्धा तास आधी, मावशी हे दुकानात मोठ्यानं वाचणार आहे. आठ मशिनींना, घरमालकाला, पलीकडच्या चांभाराला, आणि जिच्या नवऱ्याचा कोट होता त्या बाईलाही मी निरोप धाडलाय, ती येते म्हणाली. मुलगा तो कोट घालून येणार आहे. दोन डाव्या बाह्या कुणी कापल्या, ते सांगायची जबाबदारी आता तुझ्यावर नाही, तेवढी माया मी सोडली. तू आलीस, मावशीनं कागद तुझ्या हातात दिला आणि तू उभ्या उभ्या इथपर्यंत वाचलंस, तोवर एकही मशीन सुरू झालेली नसेल. रंगीत चिंध्या बांधलेल्या आठ मुठी तुझ्यासमोर आहेत. तुझा हात कापत असेल तर कापू दे, सगळे बघताहेत. आता मान वर कर.

तुझीच,
दोन डाव्या